खुळखुळणारी खिरापत

माझे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत. आमच्या वॉर्डात हे कोणी मानत नाही, आणि पटवून सांगायची ताकद आता माझ्यात उरलेली नाही.

झालं असं. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमच्या वॉर्डात महिनाभर भुलाबाई असते. मातीचे भुलोजी-भुलाबाई मांडायचे, रोज दिवेलागणीला कोणाच्या तरी अंगणात बसून गाणी म्हणायची आणि शेवटी बंद डब्यातली खिरापत ओळखायची. डबा हलवा, कानाला लावा, पण ओळखल्याशिवाय झाकण उघडायचं नाही! चुकला त्यानं एक गाणं म्हणायचं. पूर्वी हे पोरीबाळींचं काम होतं. पण आताच्या पोरी हिंदीत बोलतात, त्यांना ही गाणी येत नाहीत. म्हणून शेजारच्या कमलकाकूंनी फर्मान काढलं, "औंदा बाप्ये बी बसतीन! सारे गातीन!" (वॉर्डाला निवडून आलेला माणूस वेगळा आहे, पण तो नावापुरता.) मी दिवसभर ऑफिसात फायली उपसून थकलेला माणूस. मला कोणी विचारलंही नाही.

सगळी गाणी येतात ती एकट्या माझ्या मायला. मागच्या साली ती महिनाभर खाटेवर होती आणि भुलाबाई मुकीच गेली. यंदा तिनं उन्हाळ्यातच गुपचूप कवळी बसवून घेतली. रोज जेवताना बजावायची, "आपल्या घरची पारी आली का मी सारीच्या सारी गाणी म्हणीन!" कवळीचं घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. कमलकाकूंना तर मुळीच नाही.

आमची पाळी आली. अंगण भरलं. बायको ओरडली, "अजी, फळीवरचा डबा न्या बाहेर!" नेला. परत आलो तर माय स्वयंपाकघरात तोंडावर हात धरून उभी.

"माहे दात कुठी हायत रे?"

"मले काय मालूम! तूनंच ठेवले असतीन."

"माह्या जाग्यावर ठेवलते!"

(मायची जागा दर आठवड्याला बदलते.) उशीखाली पाहिलं, देव्हाऱ्यात पाहिलं, कणकीच्या डब्यात हात घातला. नाहीत!

"तशीच गा ना, माय."

"बोळक्या तोंडानं? त्या कमलीसमोर? सालभर हासन ते मले! नाई गात मी." आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मला फार वाईट वाटलं. वर्षभर वाट पाहिली होती हो तिनं.

ती पदर तोंडाला लावून बाहेर बसली आणि घसा बसल्याची खूण केली. कमलकाकू म्हणाल्या, "मंग पयले खिरापत ओळखू!"

डबा फिरू लागला. खुळखुळ, खुळखुळ.

"फल्लीदाणे!"

"फुटाणे!"

"आंटी, कंचे हैं क्या?" एका पोरीला गोट्या वाटल्या.

"चूक! चूक! चूक!" बायको म्हणत गेली. जो तो चुकला, जो तो गायला. एकानं आरती म्हटली, एकानं शाळेतली प्रार्थना. कमलकाकूंनी डबा बराच वेळ कानाशी धरला. "आवाज तं ओळखीचा वाटते बापा..."

तेवढ्यात बायको माझ्या कानात पुटपुटली, "अजी, म्या तं शिरा भरलता. शिरा वाजते काय?"

शिरा वाजत नाही. पण फळीवर एकसारखे दोन डबे होते. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घासाघीस करून आणलेले. मीच आणलेले! एकात शिरा होता, आणि दुसरा ही मायची या आठवड्याची जागा.

"काकू, द्या इकडे, बदलून आणतो."

"वा रे वा! आधी ओळख, मंग उघड!"

मी मायकडे पाहिलं. तिला कळलं होतं. पदराआडून ती नुसती माझ्याकडे बघत होती. मी उठलो आणि डोळे मिटून ओरडलो, "कवळी हाय! दाताची! माही!"

अख्खं अंगण हसून लोळलं. कमलकाकूंनी झाकण काढलं, मी डबा हिसकावला, ओठ घट्ट मिटले आणि आत पळालो. माय मागोमाग आली. दोन मिनिटांत बाहेर जाऊन तिनं असा सूर लावला की पोरी, बायका, बाप्ये, सगळा वॉर्ड टाळ्या देत मागे गाऊ लागला. गप्प होतो तो फक्त मी. तोंड उघडलं असतं तर बत्तीसही दिसले असते.

"घसा कसा खुलला व तुहा?" कमलकाकूंनी विचारलं.

"पोराची फजिती पाहून!"

बायको शिरा आणि चिवडा वाटत आली. माझ्या ताटलीपाशी मायनं तिचा हात धरला. "याले चिवडा नोको देऊ व. दात नाई बिचाऱ्याले!" सख्खी माय!

घरी जाताना कमलकाकूंनी मला फाटकाशी बाजूला घेतलं. इकडेतिकडे पाहिलं. "लाजू नोको. झोपताना पाण्यात ठेवत जाय. माह्यावाले तीन सालापासून तसेच टिकून हायत. कोणाले सांगू नोको, बरं!"

तर आता दोन्ही कवळ्यांचं गुपित माझ्यापाशी आहे, आणि वॉर्डात बोळका म्हणून प्रसिद्ध आहे तो मी. कालच कमलकाकूंकडून वाटीभर शिरा आला. मऊ होता. खाल्ला.