सहाव्या कांडीचं टोक

आधी कबूल करा, हसायचं नाही. मग सांगते. माझ्या हातून जो घोळ झालाय ना, तसा अख्ख्या परभणीत कुणी केला नसेल!

मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस. तेव्हा नोकरीला जेमतेम महिना झालेला. मानवतहून एसटीनं यायचं, काचेची भांडी धुवायची, टेबलं पुसायची. घासण्यात तर माझा हात कुणी धरावा! आमचा पितळी हंडा असा घासते की त्यात बघून टिकली लावावी.

त्या दिवशी रुबीना मॅडमच्या पीएचडीचे परीक्षक यायचे होते. कपाशीचा पाला वाटून त्या पाण्यात बोंडअळीचा डीएनए आहे का, ते मॅडमची कांडी म्हणे ओळखते. असला की कॉम्प्युटरवर रेघ उडी मारते. सहा वर्षं खपल्या होत्या बिचाऱ्या!

"रेखाताई, आज सगळं चकाचक पाहिजे बरं का," म्हणाल्या आणि पाहुण्यांना आणायला गेल्या.

मी बघते तर काय, स्टँडवरच्या पाच कांड्यांची सोन्याची टोकं हिरवीकाळी पडलेली! सोनं, आणि असं कळकट? बाहेरची माणसं काय म्हणतील? लावली पावडर, चोळलं डब्यातलं लिंबू, घेतला काथ्या. पाचही टोकं लखलखायला लागली.

परीक्षक आले. मॅडमनी पहिली कांडी बुडवली. रेघ सरळ. दुसरी? सरळ. तिसरीही तशीच! टोक ते केवढं, मोहरीएवढं. त्यात मॅडमना घाम फुटलेला, टोकाकडं बघतंय कोण?

"वायर हलली काय?"

"पाल्यात अळीच न्हाई का?"

"कॉम्प्युटर बंद करून चालू करा की!"

सगळेच गोंधळलेले. मी तर सगळ्यात जास्त. एवढं लख्ख करूनही मेलं चालत का नाही?

पाचवीही सरळच गेली, तशा मॅडम कानात म्हणाल्या, "रेखाताई, फ्रीजात सहावी कांडी हाय. पळत आणा. आता सगळं तिच्यावरच!"

फ्रीज उघडला आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. ही घासायचीच राहिली होती की! म्हणूनच सगळं अडलंय! एवढ्या महत्त्वाच्या वेळी कांडी तशीच मळकी द्यायची? छे! घासली आणि मगच दिली.

रेघ सरळ.

मोठ्या परीक्षकांनी चष्मा कपाळावर चढवला, कांडी उलटी धरली. "मॅडम, हे तर नुसतं सोनं आहे. वीज वाहणाऱ्या पॉलिमरचा हिरवा थर कुठंय? डीएनएचा धागा त्या थरावरच बसतो ना? थर दिलेलाच नाही, मग सहा वर्षांचे हे आलेख आले कुठून?"

"दिला होता, सर. खरंच दिला होता." मॅडमच्या डोळ्यांत टचकन पाणी.

"उगाच खोटं कशाला बोलता?"

आमच्या मॅडमना खोटं म्हणतात? माझं डोकंच फिरलं. तशीच पुढं झाले.

"मॅडम खोटं बोलायल्या न्हाईत, सर! थर होता. साही कांड्यांवर होता. लय चिवट होता. मी सोता खरवडून काढलाय!"

आणि पुरावा म्हणून दहाही बोटं त्यांच्या नाकासमोर धरली. नखांत अजून हिरवं होतं!