हजार चौकटींचा अर्ज

वडशात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं टायपिंगचं दुकान होतं. अब्बांच्या वेळी तिथे चार टाइपरायटर खडखडायचे. माझ्या हाती आलं तोवर त्यांच्या जागी दोन कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर आला होता. हिवाळ्यात नाटकांची हँडबिलं, उन्हाळ्यात लग्नपत्रिका आणि बारावीचा निकाल लागला की पोरापोरींचे अर्ज. अर्ज हा माझ्या लेखी सगळ्यात कंटाळवाणा प्रकार. नाव, गाव, जात, टक्के. आलेल्याला तासाभरात मोकळं करायचं, एवढंच.

ही गोष्ट दोन हजार सालानंतर सात-आठ वर्षांनी, इंटरनेटवर अर्ज भरायला नुकती सुरुवात झाली तेव्हाची. दुपारी साडेबाराला नदीकाठच्या एका गावातला मासेमार आपल्या मुलीला घेऊन आला. नागपूरची एक संस्था खेड्यातल्या थोड्या मुलींच्या नर्सिंगच्या शिक्षणाचा आणि होस्टेलचा खर्च करणार होती. अर्जाचा तो शेवटचा दिवस होता, आणि तीनला लोडशेडिंग सुरू व्हायचं ते रात्रीच संपायचं. हे जमलं नाही तर मुलगी घरी बसणार होती. बापाने ते तिच्यासमोरच, हवामान सांगावं तसं सांगून टाकलं आणि बाकावर बसून पिशवीतून अर्धं विणलेलं जाळं काढलं.

अर्जात शेवटी एक रकाना होता. ‘स्वतःविषयी लिहा. मर्यादा १००० अक्षरे, मोकळ्या जागा धरून.’

“माझं तयार आहे,” म्हणत मुलीने गणिताच्या वहीचा कागद पुढे केला. चौकटी आखलेला. एकेका चौकटीत एकेक अक्षर, शब्द संपला की एक चौकट रिकामी. पंचवीस आडव्या, चाळीस उभ्या. शेवटचा पूर्णविराम शेवटच्या चौकटीत. कुठे खाडाखोड नाही. माझ्या दुकानात तोवर एवढा नेटका कागद आला नव्हता.

“किती वेळा लिहिलंस?”

“अकरा वेळा.”

मी टाइप करायला लागले. कागदाच्या पंचविसाव्या ओळीपाशी रकाना थांबला. पुढचं अक्षर घेईना. खाली आकडा होता : १०००.

“बाई, मोजण्यात चूक नाई,” ती म्हणाली. “तुम्ही मोजून पाहा.”

मी दोन ओळी मोजल्या. चूक नव्हती. मग सगळं पुसून नुसता ‘मी’ टाइप केला. आकडा आला दोन. तिच्या कागदावर ‘दृष्ट्या’ हा शब्द दोन चौकटींत बसला होता. यंत्राने तो आठ मोजला. म्हणजे काना वेगळा, वेलांटी वेगळी, आणि अक्षराला अक्षर जोडलं की त्या जोडणीचाही एक.

“मग अक्षर काऊन म्हणते?” मुलगी चिडली. “शाळेत शिकवलं तसंच मोजलं ना मी!”

ती बरोबर होती. पण यंत्र शाळेत गेलं नव्हतं. तिची हनुवटी हलायला लागली तेव्हा मी म्हटलं, “तीन वाजेपर्यंत रडायचं नाही. नंतर अंधारात हवं तेवढं रड.”

बाप हातातली बांबूची सुई न थांबवता म्हणाला, “हे तर जाळ्यासारखंच झालं, बाई.”

“ते कसं, भाऊ?”

“पाहणाऱ्याले जाळ्याचे डोळे, मधले भोकं, दिसते. तो डोळेच मोजते. पण सूत जाते गाठीत. माही पोरगी डोळे मोजून राह्यली, तुमची मशीन सूत मोजून राह्यली. गाठी कमी करा.”

हा माणूस अंगठा उठवणारा. मी पंधरा वर्षं मराठी टाइप करत होते, जोडाक्षरं माझ्या बोटांतून रोज जात होती, आणि त्यातलं कुठलं किती खातं हे मला कधी दिसलं नव्हतं. त्याला एकही अक्षर ओळखू येत नव्हतं आणि त्याने ते बाकावरून पाहिलं.

आम्ही गाठी शोधायला सुरुवात केली. ‘आर्थिकदृष्ट्या दुर्बल’ याचे एकवीस होत होते. त्या जागी ‘गरीब’. चार. ‘महत्त्वाकांक्षा’ एकटी पंधरा घेऊन बसली होती, ती काढली. मग माझ्या लक्षात यायला लागलं, गाठीचे शब्द सगळे तिच्या सरांनी घातलेले होते. तिचे स्वतःचे शब्द साधे होते, त्यांना सूत कमी लागत होतं. सरांचे शब्द गेले तसा मजकूर भराभर आटला. दोन वाजता पाहिलं तर सातशेच्या आत. आता उलटी पंचाईत. जागा होती, पण उरलेलं कुठल्याही मुलीचं असू शकलं असतं. मला शिकायचं आहे, मला सेवेची आवड आहे. असे मी त्या महिन्यात तीस टाइप केले होते.

“डोंग्याचं लिवलं का नाई?” बापाने विचारलं.

“ते काय लिवाचं, बाबा? ते तर नेहमीचंच.”

“मास्तरले विचारलं असन तू. त्याले पोहता तरी येते का?”

“काय डोंग्याचं?” मी विचारलं.

पावसाळ्याचे चार महिने त्यांच्या गावाचा रस्ता पाण्याखाली असतो. लसी द्यायला येणाऱ्या नर्सबाईंना दर बुधवारी पलीकडून डोंग्यातून आणायचं आणि परत सोडायचं काम ही मुलगी नववीपासून करत होती. नर्सबाईंना पाण्याची भीती, म्हणून त्या डोळे मिटून बसायच्या. लसींचा डबा हिच्या दोन पायांमध्ये. वल्हं हिच्याच हातात. हे सगळं तिने मला नखं कुरतडत सांगितलं.

“डबा कधी पडला नाही पाण्यात?”

“पडन कसा? त्यात बरफ असते. बरफ हलला का पाय थंड लागते. मंग समजते, डोंगा कुठी झुकला ते.”

अकरा वेळा लिहिलेल्या कागदावर याचं एक अक्षर नव्हतं.

“हेच सांग,” मी म्हटलं, “जसं आता बोललीस तसं.” ती बोलली, मी टाइप केलं, दोघींनी मिळून गाठी सोडल्या. पावणेतीन झाले. शेवटचं वाक्य होतं, ‘चार वर्षांत डबा एकदाही भिजला नाही.’ टाइप करता करता रकाना अडला. पूर्णविरामाला जागा नव्हती. एकच कमी पडत होता.

आम्ही वरपासून वाचलं. काढण्यासारखं काही सापडेना. घड्याळ सरकत होतं. शेवटी मुलगी ते वाक्य पुटपुटली, तिच्या तोंडी येतं तसं : “डबा एकदाही भिजला नाई.”

मी थांबले. नाही म्हणजे चार. नाई म्हणजे तीन.

दुकानात येणाऱ्या किती पोरांचे ‘नाई’ मी आजवर दुरुस्त केले असतील, सांगता येणार नाही. न विचारता करायचे, चुकीची वेलांटी सुधारावी तसे. त्या दिवशी मी ‘नाई’ टाइप केलं, पूर्णविराम दिला आणि पाठवायचं बटण दाबलं. पूर्णविरामच गाळता आला असता, हे मला रात्री भाकरी भाजताना सुचलं. पण अर्ज पोचला होता. पोच छापून निघाली आणि तीनला दोन मिनिटं असतानाच लाइट गेली.

सप्टेंबरात बाप एकटाच आला. नवं जाळं विकायला आणलं होतं. मुलगी नागपूरला होस्टेलवर राहत होती.

“मुलाखतीत काय विचारलं तिला?”

“डब्यात बरफ किती टाकत होती, थे. अन् नर्सबाई अजून डोळे मिटते का, थे.” तो हसला. “बरं झालं, बाई. बाकीचं नाई विचारलं. बाकीचं सरायनं सांगितलेलं होतं, तिले कुठी येत होतं!”

“आता बुधवारी डोंगा कोण नेतं?”

“मीच,” तो म्हणाला. “पण माह्या हातून डबा दोनदा भिजला.”