ज्योत हिरवी, तर मशीन बंद

आदरणीय सुरेश वाघमारे सरांची आणि माझी पहिली भेट हैदराबादच्या काचीगुड्यातल्या त्यांच्या लेझर कटिंगच्या दुकानात झाली. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून, घरी भांडून मी काम मागायला गेलो होतो. सरांनी मार्कशीट मागितली नाही. "राग किती वेळ टिकतो?" एवढंच विचारलं.

"अर्धा तास."

"मग तेवढा वेळ मशीनपासून लांब उभं राहायचं," म्हणाले आणि मला ठेवून घेतलं!

सरांच्या साठीनिमित्तच्या या अंकात त्यांचे मित्र, नांदेडचे नातेवाईक बरंच लिहितील. मला लिहायचंय ते सरांनी मशीनमध्ये काय घालू दिलं नाही, याबद्दल. प्लायवूड, पुठ्ठा, ॲक्रिलिक बिनधास्त कापा. पण अनोळखी प्लास्टिकचा तुकडा तपासल्याशिवाय आत जात नाही म्हणजे नाही!

मागच्या वर्षी श्रावणी आली. ती दिलसुखनगरच्या एका बुटीकमध्ये काम करते. हातात काळं चमकदार कापड. "लेदर आहे. चाळीस फुलं, संध्याकाळपर्यंत." तिचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हणालो. तिनं मागितला असता तर चारमिनारही कापून दिला असता!

"नक्को," मागून सर म्हणाले. त्यांनी खिडकीशी बर्नर पेटवला, तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवली, कापडाला टेकवली आणि परत ज्योतीत धरली. ज्योत हिरवीगार! म्हणजे आत क्लोरीन; लेदर नव्हे, पीव्हीसीचं रेक्झिन. लेझरखाली ते जळलं की विषारी, आम्लाचा धूर निघतो.

"चाळीसच तर फुलं आहेत सर! नाकाला रुमाल बांधतो!" मी भडकलो.

सर मला मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथं त्यांचं पहिलं मशीन पडून आहे. एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर त्यांनी स्वतः त्यावर रेक्झिन कापलं होतं. त्या धुरानं दांडे गंजून पार खडबडीत झालेले.

"हे लोखंडाचं झालं. तुझी छाती कशाची आहे, बाबू?"

मी म्हणालो, "मशीन बिघडलंय असं सांगतो तिला."

"खोटं कायकू? ती दुसऱ्या दुकानात जाईल, तिथला कुणीतरी हा धूर घेईल. खरं सांग."

मी अडखळत सगळं सांगितलं. श्रावणीनं ती ज्योत पुन्हा करून दाखवायला लावली. "अन्ना, कापणाऱ्याला त्रास होतो हे दुकानदारानं सांगितलंच नाही हो!" म्हणाली. तेलुगूत अन्ना म्हणजे दादा. सर तोंड फिरवून हसत होते!

तासाभरात ती जाड सुती कापड घेऊन परत आली. संध्याकाळी फुलं तयार. आता बुटीकमध्ये नवं कापड आलं की ती आधी मला फोन करते. "कामापुरतं बोल रे!" सर ओरडतात. पण ती अन्ना म्हणायची थांबलीय, हे त्यांनीच मला सांगितलं!

मी अजूनही भडकतो. म्हणून सरांसाठी मनापासून एवढंच मागतो: त्यांची तब्येत ठणठणीत राहो, आणि माझ्यावर दुकान दणाणेल असं ओरडण्याइतकी स्वच्छ हवा त्यांच्या छातीत शंभर वर्षं भरत राहो.