तेहतीस हजार दोनशे त्रेसष्ट

बळीराम सातवी पास. पण कामणच्या गोदामात माल उतरला की आकडा आधी त्याच्याकडे यायचा. तो आकडा फोडायचा. दोनने, तीनने, पाचने, मग पुढच्या प्रत्येक मूळ संख्येने भाग देऊन बघायचा. तीन भाग नीट मिळाले की लांबी, रुंदी, उंची ठरली. थप्पी विटेसारखी बसते, एक खोका उरत नाही.

अकरा वर्षांपूर्वी अगरबत्तीचे छोटे खोके आले, तेहतीस हजार दोनशे त्रेसष्ट. फाटकात दुसरा ट्रक भोंगा वाजवत होता. बळीराम तेवीसपर्यंत गेला आणि थांबला. जायला हवं होतं एकशे एक्याऐंशीपर्यंत; त्यापुढच्या मूळ संख्येचा वर्ग आकड्यापेक्षा मोठा होतो.

"फुटत नाही," तो म्हणाला.

"सगळं बघितलं?" बर्नार्डने विचारलं. बर्नार्ड वटार गावचा, गोदामातला त्याचा जोडीदार.

"बघितलं."

बत्तीस लांब, बत्तीस रुंद, बत्तीस उंच लावले. चारशे पंच्याण्णव उरले. सुटे खोके खाली ठेवायचे नाहीत असा गोदामाचा नियम, म्हणून ते वर रचायला बर्नार्ड थप्पीवर चढला. कडेचे खोके दबले. पडला तो उठलाच नाही.

लोक म्हणाले, माकडासारखा चढायची खोडच होती त्याला.

तेव्हापासून दाढी करताना, नळाखाली बादली भरताना बळीरामला मागून ऐकू यायचं: सगळं बघितलं?

त्याने वही घेतली आणि शेवटाकडून सुरुवात केली. एकशे एक्याऐंशी, एकशे एकोणऐंशी, असं खाली खाली. बाकी उरली की हायसं वाटायचं. एक्केचाळीसला पोचला आणि वही मिटली. मधल्या तीनच संख्या राहिल्या होत्या. चार वर्षं त्याने त्यांना हात लावला नाही.

यंदा चर्चमध्ये बर्नार्डच्या वर्षदिनाचा मिस्सा, त्याच्यासाठीची प्रार्थना, झाल्यावर त्याच्या बायकोने, प्रिस्काने, बळीरामला घरी नेऊन बसवलं.

"बळीरामदादा, एकच विचारते. त्याला वर चढायची गरज होती का?"

"माहीत नाही, वहिनी."

"तुम्हाला माहीत नाही? तो तर म्हणायचा, बळीरामला आकड्यांनी झपाटलंय."

बळीरामने खिशातली पेन्सिल काढली. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर सदतीसने भाग दिला. आठ. नऊ. नऊ. बाकी शून्य. आठशे नव्याण्णव म्हणजे एकोणतीस गुणिले एकतीस, ते तोंडीच आलं.

पेन्सिल त्याने खाली ठेवली.

"एकोणतीस उंच लावली असती तर एकही उरला नसता," तो म्हणाला. "वर चढायचं कारणच नव्हतं. मी तेवीसला थांबलो. त्याला म्हटलं, सगळं बघितलं."

"बघायला किती वेळ लागला असता?"

"तेवीसच्या पुढचीच होती. एक मिनिट."

प्रिस्का कागदाकडे बघत राहिली. मग तिने तो त्याच्यापुढे सरकवला.

"आत्ता बोललात ते इथे लिहा आणि खाली सही करा. चर्चच्या दारात दाखवणार आहे मी. माकड म्हणतात ना त्याला."

त्याने लिहिलं, सही केली. खाली तारीख घातली.

"आजची नको," ती म्हणाली. "त्या दिवसाची घाला, अकरा वर्षांपूर्वीची."