चेटकीण केरसुणीवर बसत नाही

बडोद्यात आजवर जेवढ्या चेटकिणी झाल्या, त्या सगळ्या आमच्या समोरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात जन्मल्या, तिथंच वाढल्या आणि तिथल्याच डब्यातले शेंगदाणे खाऊन जाड झाल्या. मी लग्न होऊन कोल्हापुराहून हरणीच्या या सोसायटीत आले, तेव्हा पहिल्याच सकाळी समोरच्या दारातून मला प्रश्न आला, "काय गं, तुमच्याकडच्या चेटकिणी कशा असतात? म्हणजे स्वभावानं?" मी नवी नवरी, हातात हिरवा चुडा. मला वाटलं, या माझ्या सासूबाईंबद्दल विचारतायत. मी घाईघाईनं म्हटलं, "चांगल्या असतात." काकूंचा चेहरा असा फुलला म्हणता! "तेच मी सगळ्यांना सांगत असते," त्या म्हणाल्या, आणि मला आत नेऊन चहा दिला. चेटकिणी कागदावरच्या आहेत हे मला संध्याकाळी कळलं, तेही सासूबाईंकडून.

काकू गोष्टी लिहायच्या. नदीकाठचं एक लहानसं गाव, तिथं राहणाऱ्या तीन चेटकिणी, नात्यानं सख्ख्या जावा. गावात काही चोरीबिरी झाली की या तिघी मिळून तिचा छडा लावणार, अशी ती मालिका. पाणीगेटजवळ रमणभाईंचं छोटंसं प्रेस होतं, तिथं ही पातळ पातळ पुस्तकं छापली जायची आणि आमच्या मराठी वाचनालयात त्यांच्यासाठी बायका नंबर लावायच्या. गाव कुठलं हे कुणाला कळू नये म्हणून काकूंनी पाणीगेटाचं दूधगेट केलं होतं आणि हरणीचं सांबरी. एवढी खबरदारी घेतल्यावर कोण ओळखणार, असा त्यांचा बिनतोड सवाल असे. आम्ही पण कुणी ओळखलं नाही असंच दाखवायचो.

चेटकीण म्हटली की ती झाडूवर बसून उडते, हे आता टीव्हीमुळे पोरासोरांनाही ठाऊक झालं होतं. काकूंना मात्र ते ऐकूनच चटका बसे. "केरसुणीला नुसता पाय लागला तर आपण नमस्कार करतो. लक्ष्मी ती! तिच्यावर बूड टेकून बसायचं? आयाबहिणींनी काही वळण लावलंय की नाही?" म्हणून काकूंच्या चेटकिणी पाटावर बसून उडत. पाट हा बसण्यासाठीच असतो, यावर कुणाला बोलायला जागा नव्हती. थोरलीचा पाट शिसवी, मधलीचा रांगोळी काढलेला आणि धाकटीचा प्लास्टिकचा, कारण ती माहेरून काही घेऊन आली नव्हती. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मात्र उडणं साफ बंद. "मांजा मानेत अडकला म्हणजे?" पाय उलटे का नाहीत असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "चपला कोण शिवून देणार, तुझा बाप?" मग लगेच जीभ चावून, "माफ कर हं, थोरलीच्या तोंडचं वाक्य होतं."

हे थोरलीचं प्रकरण आम्हाला हळूहळू समजलं. काकूंना स्वतःबद्दल काही सांगायची सवयच नव्हती, पण थोरलीबद्दल त्या दिवसभर बोलत. "थोरलीचा गुडघा धरलाय, या पुस्तकात ती उडायची नाही," असं कानावर आलं की सासूबाई महानारायण तेलाची बाटली घेऊन समोर जायच्या आणि काकू ते तेल मुकाट्यानं स्वतःच्याच गुडघ्याला चोळून घ्यायच्या.

जादू तरी किती करावी? दूध उतू जाऊ नये, एवढ्यापुरती. गॅसवर दूध ठेवून तिघींनी निवांत बोलत बसावं, मंत्रानं दूध कडेशी येऊन थांबावं. चोर कोण ते मंत्रानं का शोधत नाहीत, या माझ्या शंकेवर काकू माझ्याकडे कीव केल्यासारख्या बघत राहिल्या. "मंत्रानं चोर सापडला तर मग गप्पा कधी मारायच्या?" खून त्यांनी आयुष्यात एकदाच केला. पहिल्या प्रकरणात पोस्टमन मारला, आणि दुसऱ्या दिवशी आमचा खराखुरा पोस्टमन दारात उभा राहिला. त्याला बघून काकूंना भडभडून आलं. त्याला बसवला, शिरा खायला घातला. तो बिचारा समजला, घरात काही मंगल आहे. तिसऱ्या प्रकरणात मेलेला पोस्टमन उठून बसला. एकादशीचा उपास होता, चक्कर आली होती, एवढंच. पुढे घरोघरी केबल आल्यावर एक सीरियलवाला मुंबईहून त्यांना शोधत आला. त्याला दर आठवड्याला एक मुडदा हवा होता आणि चेटकिणींना नखं. काकूंनी त्याला खमण खाऊ घातलं आणि शांतपणे सांगितलं, "आमच्या गावात एवढी माणसंच नाहीत हो. आणि नखं वाढवून पोळ्या कशा लाटतील?" तो गेला तो गेलाच.

पण खरी अडचण होती ती चोराची. गोष्टीत चोर लागतो आणि काकूंना दुसरी माणसं काही रचता येत नसत. सोसायटीतलीच उचलून आत ठेवायच्या. पहिल्या पुस्तकात गच्चीवरच्या सांडग्या मिरच्या चोरणारी बाई त्यांनी रंगवली, ती म्हणजे डिट्टो शेजारच्या ज्योतीबेन, कपाळावरच्या तिळासकट. ज्योतीबेनना मराठी वाचता येत नव्हतं, पण त्यांची सून निघाली मराठी शाळेतली. तिनं सासूला सगळं पुस्तक मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि तेही आवडीनं. झालं! ज्योतीबेननी समोरचं दार बंद केलं, हळदीकुंकवाला आल्या नाहीत, भाजीवाल्यापाशी तोंड फिरवलं. काकू बासुंदीची वाटी घेऊन स्वतः त्यांच्या दारात गेल्या. ज्योतीबेननी वाटी घेतली आणि दार लावलं.

ती वाटी पुढे पुष्कळ दिवस परत आली नाही. आमच्या सोसायटीत मराठी काय, गुजराती काय, एक गोष्ट सगळ्यांची सारखी: आलेली वाटी रिकामी परत करायची नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालायची. काकू रोज समोर बघायच्या आणि मला सांगायच्या, "वाटी अडकलीय ना, म्हणजे बाई रागात आहे. राग परवडला. रिकामी आली तर समज, संबंध संपला." शेवटी संक्रांतीच्या सुमाराला ती वाटी आली, काठोकाठ उंधियू भरून. वर ज्योतीबेनचं एकच वाक्य, "हवे मरचां मागीने लई जईश, बस?" म्हणजे, आता मिरच्या मागूनच नेईन, झालं समाधान? दोघी दारातच हसत सुटल्या, आणि हसता हसता काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

त्या दिवसापासून काकूंनी नेम केला. चोर करायचा तो फक्त बडोदं सोडून गेलेल्या माणसाला. समोरासमोर तोंड दाखवायचं नाही, मग हवी तेवढी लबाडी त्याच्या अंगावर घालावी. सोसायटीत बदल्या काही कमी होत नव्हत्या. बँकेतले साहेब राजकोटला गेले, त्यांनी पुढच्या पुस्तकात देवळाची घंटा लांबवली. त्यांच्या बायकोनं राजकोटहून पुस्तकाच्या जादा प्रती मागवल्या. कुणी घर विकून पुण्याला गेलं की आम्ही म्हणायचो, गेला बिचारा, आता त्याचं काही खरं नाही. एकदा आमच्या ह्यांच्या भरूचच्या बदलीची कुणकुण काकूंना लागली. लगेच त्या ह्यांच्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागल्या. "तुझा जोडा किती नंबरचा रे?" बदली रद्द झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले. काकूंनी पेढा घेतला, पण नाराजीनंच. "अरे, चिखलातले ठसे उमटवून झाले होते की!"

काका म्हणजे त्यांचे यजमान, बाजव्याकडच्या रिफायनरीत होते. शिफ्टच्या बसमध्ये बसून ते प्रत्येक पुस्तक पहिल्यांदा वाचत आणि घरी आल्यावर न चुकता एकच अभिप्राय देत, "तुझ्या बायका चहा फार पितात." मग चहा मागत. निवृत्तीनंतर थोड्याच काळात काका गेले. काकूंनी लिहिणं बंद केलं. रमणभाई एकदा समाचाराला आले आणि काही बोलायचं म्हणून बोलून गेले, "काकू, आ वखते चोर कोण?" म्हणजे, या वेळी चोर कोण? गेलेल्या माणसाबद्दलचा काकूंचा नेम सगळ्यांच्याच मनात आला. काकू मात्र उसळून म्हणाल्या, "ते बडोदं सोडून कुठे गेलेत?" आणि उठून रमणभाईंना पाणी आणायला आत गेल्या.

मुलगा बंगलोरला कॉम्प्युटरमध्ये. तेव्हा ज्याचा त्याचा मुलगा तिथंच होता. चांगला मुलगा हो, आईला एकटं ठेवायचं नाही म्हणून दर सुट्टीत तिकिटं काढून यायचा. काकूंनी त्यावर नामी उपाय काढला. बंद पडलेली लेखणी पुन्हा हातात घेतली आणि जाहीर केलं, "चोर सापडला की निघते." मग काय, चोर सापडेचना! थोरली, मधली, धाकटी नुसत्या चहा पितायत. प्रकरणामागून प्रकरण. मुलगा दमून विचारी, "आई, अजून किती राहिलं?" काकू म्हणत, "धागेदोरे फार आहेत रे." आम्ही सगळी सोसायटी मनातून त्या चोराच्या बाजूची होतो. पण मग काकू घरातल्या पायरीवरून पडल्या. हाड मोडलं नाही, पण दार आतून लावलेलं, आणि ज्योतीबेनना त्यांची हाक ऐकू यायला फार वेळ लागला. मुलगा आला तो या वेळी थेट आईच्या पायाशी बसून रडला. काकू त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "ऊठ. सापडला चोर."

निघायच्या आधीच्या आठवड्यात त्यांचं स्वयंपाकघर खोक्यांत गेलं, तेव्हा सगळ्या घरांतून त्यांना जेवण जायचं. माझ्याकडून आमटी, ज्योतीबेनकडून शाक. सासऱ्यांचं नाव घातलेली आमची स्टीलची वाटीही त्यातच गेली. काकू टॅक्सीत बसल्या, "आवजो" म्हणाल्या, आणि गल्ली वळेपर्यंत मागे बघत होत्या. आठ-पंधरा दिवसांनी एकेकीच्या लक्षात आलं की वाटी परत आलेली नाही. "मारी वाटकी पण लई गयां," ज्योतीबेन म्हणाल्या. म्हणजे त्यांचीही वाटी गेली होती. हे म्हणाले, "विसरल्या असतील." काकू? वाटी विसरणार? मला तर राग आला होता, खोटं कशाला सांगू. सासऱ्यांच्या नावाची ती एकच उरली होती.

मग रमणभाई स्कूटरवर नवं पुस्तक घेऊन आले. गावात घरोघरच्या क्षुल्लक वस्तू नाहीशा होतायत, कुणाचं झाकण, कुणाची सांडशी, कुणाची वाटी, अशी गोष्ट. मधली आणि धाकटी पाटावर बसून सगळं गाव पालथं घालतात आणि शेवटी चोर सापडतो घरातच. थोरली! तिला गाव सोडून जायचं असतं, आणि सगळ्या वस्तू तिनं पाटाखाली बांधून ठेवलेल्या असतात. धाकटी रडत विचारते, "वहिनी, तुम्हाला हे कशाला हवं होतं?" थोरली म्हणते, "मला कशाला हवंय? पण मागायला तरी कुणी येईल."

मी ते पान ज्योतीबेनना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. नंतर बराच वेळ आम्ही दोघी समोरच्या बंद दाराकडे बघत बसलो आणि गॅसवरचं माझं दूध खुशाल उतू गेलं.

काकू फोन करतात. लिफ्टला घाबरते म्हणतात, थोरलीला तिथली हवा मानवत नाही म्हणतात. वाट्यांचा विषय त्या काढत नाहीत, आम्हीही काढलेला नाही. या मे महिन्यात मी बंगलोरला निघाले आहे. "एका वाटीसाठी?" असं हे विचारून बघत होते, पण तिकीट त्यांनीच काढून आणलं. काल ज्योतीबेन प्रवासासाठी थेपले घेऊन आल्या, पिशवी माझ्या हातात दिली आणि पायरी उतरता उतरता थांबल्या.

"मागजो खरां," त्या म्हणाल्या, "पण ए आपे तो लावतां नहीं."

वाटी माग, पण तिनं दिली तर आणू नकोस.