टीव्हीवरचे शंभर टक्के

आमच्या ऑफिसात किस्से जिन्याखालच्या थर्माकोलसारखे साचतात. टाकवत नाहीत आणि ठेवायला जागाही नाही. आज थोडे बाहेर काढतेच!

आम्ही महाळुंग्याजवळ इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरचे सर्किट बोर्ड डिझाइन करतो. बोर्डावरचे भाग तांब्याच्या बारीक रेघांनी एकमेकांना जोडायचे, त्याला राउटिंग म्हणतात. आमचे मालक आण्णा रोज विचारायचे, "कुठवर आलं?" आणि वैद्य सर, सगळ्यात सीनियर डिझायनर, रोज सांगायचे, "होत आलंय."

मी वैतागले आणि एक प्रोग्राम लिहिला. ड्रॉइंगमध्ये जेवढ्या जोडण्या मागितल्यात, त्यातल्या किती झाल्या ते तो मोजतो आणि भिंतीवरच्या टीव्हीवर टक्के दाखवतो.

सर म्हणाले, "आता बोर्ड चुकला तर जबाबदारी तुझ्या टीव्हीची, बरं का!"

"चालेल!" मी म्हटलं.

पहिल्याच दिवशी टीव्हीवर अडतीस टक्के आले.

आण्णा हादरले. "वैद्य, गणपतीपासनं होत आलंय म्हनताय की वो!"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आण्णा, हा प्रोग्राम फक्त बोर्डावर झालेलं मोजतो. माझ्या डोक्यात झालेलं मोजत नाही!"

आणि आण्णांना ते पटलं!

* * *

एका सकाळी आकडा एकाहत्तरवरून चौसष्टवर आला. काही रेघा वाट अडवत होत्या, म्हणून मीच काढल्या होत्या. आण्णा घरफोडी झाल्यासारखे दारातच थबकले.

"सात टक्के गेलं कुठं?"

"मी काढले, आण्णा. नव्याने टाकतेय."

"बांधलेली भिंत पाडती आन् वर पगार घेती व्हय गं?" मग फर्मान निघालं, "आकडा खाली यायचा न्हाई. आला तरी वर दाखव!"

मी साफ नाही म्हटलं. जेवून परत येते तर टीव्हीवर कॅलेंडर लटकतंय! त्यावर देवीचा फोटो, म्हणजे काढायचीही सोय नाही. आकडा वर चढल्यावरच देवी भिंतीवर परत गेल्या.

* * *

खाली पार्किंगमध्ये आमच्या पहिल्या बोर्डावर बनवलेला नमुन्याचा चार्जर आहे. तसा तो एकच. आण्णांची नवी गाडी सदा त्यालाच लावलेली. त्यावर मोठं लाल बटण आहे. धोका वाटला की दाबायचं, वीज ताबडतोब बंद.

खंडेनवमीला आण्णांनी चार्जरला झेंडूचा हार घातला, बटणाला हळद-कुंकू लावलं. तेही वरच्या प्लॅस्टिकला! दुकानातून आलेलं प्लॅस्टिक अजून तसंच होतं.

"आण्णा, ते काढून एकदा दाबून तरी बघू या."

त्यांनी माझा हात मागे ओढला. "अगं, नवं हाय ते! दाबून दाबून ढिलं करती का?"

* * *

नवा बोर्ड सत्त्याण्णव टक्क्यांवर अडला. आण्णा फोनवर कस्टमरला सांगत होते, "तीनच टक्के राहिलंय साहेब! या की तुमी बघायला."

मी म्हटलं, "आण्णा, ते तीन टक्केच जीव खातात. पार्किंग भरल्यावर शेवटची गाडी कुठे घालाल?"

आण्णा चऱ्होलीत फ्लॅटही बांधतात. शांतपणे म्हणाले, "दुसऱ्याच्या जागंत!"

* * *

मग मी दोन दिवस सुट्टीवर गेले. परत आले तर टीव्हीवर हिरवेगार शंभर टक्के! कस्टमर सोफ्यावर चहा पीत बसलेले. आण्णांनी स्वतः माझ्या तोंडात पेढा भरवला. फाइल तेवढी बोर्ड बनवायला कारखान्यात पाठवायची राहिली होती.

सवयीने मी डिझाइन उघडलं आणि पेढा तोंडातच राहिला.

राहिलेल्या जोडण्या कुणी केल्याच नव्हत्या. त्या ड्रॉइंगमधूनच पुसल्या होत्या! जे मागितलंच नाही, ते माझा प्रोग्राम राहिलेलं कसं धरणार? आणि पुसलेल्या जोडण्या कुठल्या, तर लाल बटणाच्या. हे चार्जर सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये लागणार होते. पोरं खेळतात तिथे!

"फाइल पाठवू नका!" मी किंचाळलेच. "सर, लाल बटणाच्या जोडण्या कुठे गेल्या?"

"बसत नव्हत्या. काढल्या."

"अहो, मग बटण दाबलं तरी वीज चालूच राहील!"

कस्टमरनी कप खाली ठेवला. आण्णांचा चेहरा उतरला. सर मात्र माझ्यावरच चिडले.

"एवढं ओरडायला काय झालं? खालच्या चार्जरच्या बोर्डातही मी काढल्याच होत्या की! तेव्हा हिचा टीव्ही नव्हता, म्हणून कुणी बोंबललं नाही."

आण्णांनी खिडकीतून खाली पाहिलं. गाडी चार्जरला लावलेली होती.

ते उठले आणि दारातल्या चपला तशाच ठेवून जिन्याकडे धावले.