कपाटातली जास्तीची वही

नातीच्या सातवीच्या वर्गाची सहल ठाण्याला निघाली होती, एका दिवंगत लेखकाच्या घरी. त्या घराचं आता संग्रहालय केलंय. मुलांसोबत जायला एक पालक कमी पडला आणि नातीने माझं नाव देऊन टाकलं. वर्गाच्या बाईंना आनंदच झाला, कारण डोंबिवलीतल्या वाचनालयाच्या काउंटरवर मी तीस वर्षं काढलेली. ओढणीखाली, छत्रीत, पिशवीतल्या कोथिंबिरीखाली दडवलेली पुस्तकं मी बाहेर काढली आहेत. दर मार्चच्या मोजणीत एक पुस्तक कमी निघालं तरी मी सभासदाच्या घरी जाऊन थडकायचे. शिक्का नसलेलं काही जास्तीचं निघालं, तर ते न उघडताच रद्दीत टाकायचे. माणसांवर भरवसा ठेवायची सवय त्या नोकरीतच सुटली.

बस मानपाड्याहून निघाली तेव्हाच दुसऱ्या बाकावरची एक मुलगी माझ्या डोळ्यांत खुपली. सगळ्यांची दप्तरं वर ठेवलेली, हिने मात्र मांडीवर घट्ट धरलेलं. शीळफाट्याला अर्धा तास अडकलो. पोरांनी डबे काढले, वेफर्सची पाकिटं फोडली. हिने चेनसुद्धा उघडली नाही.

"मोहन्याच्या शाळेतून नवीन आलीय," नात कुजबुजली. "बोलत नाही कोणाशी."

न बोलणाऱ्यांचा मला जास्तच संशय येतो.

संग्रहालयात लेखकाचा चष्मा आणि पेन काचेआड होतं, पुस्तकांचं कपाट मात्र सताड उघडं. असा कारभार बघून मी मनात नाक मुरडलं. माहिती सांगणारे गृहस्थ वर्गाला पुढच्या खोलीत घेऊन गेले आणि ती मागे राहिली. मी दाराआड थांबले. तिने इकडेतिकडे पाहिलं, दप्तर उघडलं आणि कपाटात हात घातला. मी जाऊन तिचं मनगटच धरलं.

"काय घेतलंस?"

माझा आवाज ऐकून सगळे परत आले. मी सगळ्यांदेखत तिचं दप्तर जमिनीवर पालथं केलं. डबा, बाटली, कंपासपेटी, रुमाल. लेखकाचं काहीच नव्हतं.

गृहस्थांनी कपाटातून एक जाड वही काढली. "ही आमची नाही."

वहीला खाकी कव्हर होतं. वाचनालयातल्या पुस्तकावर असते तशी तिच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून नंबर घातलेला. आत टपोऱ्या अक्षरात कविता होत्या.

"माझ्या आजोबांची आहे," ती म्हणाली. "मागच्या वर्षी गेले. मला वाटलं, इथे कोणीतरी वाचेल."

इथे बाहेरचं काही ठेवता येत नाही, असं गृहस्थांनी तिला समजावून सांगितलं. मी खाली बसून तिचं दप्तर भरलं.

परतताना मी तिच्या शेजारी जाऊन बसले. "चुकले गं मी," म्हटलं. तिने मान हलवली. मग मी विचारलं, कपाटात वही ठेवायचं तुला सुचलं कसं?

"आजोबापण असंच करायचे," ती म्हणाली. "डोंबिवलीच्या वाचनालयात त्यांनी एक वही ठेवलेली, कवितांच्या कपाटात. नंबरपण घातलेला. नंतर मला दाखवायला घेऊन गेले, तर नव्हतीच. आजोबा एवढे खूश झालेले. म्हणाले, बघ, कोणीतरी वाचायला नेली."

मार्चच्या मोजणीतला रद्दीचा गठ्ठा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"आजी, बाई सांगत होत्या, तुम्ही तिथेच होतात ना? कोणी नेली असेल?"

"नेली असेल कोणीतरी वाचणाऱ्याने," मी म्हणाले.

तीस वर्षांत मी कितीतरी जणांचं खोटं तोंडावर पकडलं. तिने माझ्यावर लगेच विश्वास ठेवला, आणि डबा उघडून उरलेली अर्धी पोळी माझ्यापुढे धरली.